रोजा, धाव आणि रक्तातली साखर

रमजानमध्ये "रोजा आहे ना?" हा प्रश्न मोहल्ल्यात सहज विचारला जातो. रोज पहाटे मैदानावर धावणारा, अंगाने धडधाकट तरुण "नाही" म्हणाला की भुवया उंचावतात. त्याला टाइप वन मधुमेह असेल, तर त्या "नाही"मागचे कारण त्याच्या धावण्यातूनच समजते.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, तेही बहुतेकदा लहान वा तरुण वयात. मग इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. टोरँटोमध्ये १९२२ साली लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्याआधी या आजारातून कोणी वाचत नसे.

धावताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. निरोगी माणसाचे शरीर अशा वेळी इन्सुलिन आपोआप कमी करते. टोचलेले इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. ते काम करतच राहते आणि साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, प्रसंगी बेशुद्धी. धावल्यानंतर कित्येक तासांनी, रात्री झोपेतही साखर उतरू शकते.

म्हणून असा धावपटू आधी बोटाला सुई टोचतो. साखर साधारण १२६ ते १८० असेल तर निघायला हरकत नसते. ९० च्या खाली असेल तर आधी थोडा ग्लुकोज घेऊन ती वर आणायची. २७० च्या वर असेल तर कीटोन तपासायचे आणि ते वाढलेले असतील तर त्या दिवशी धावायचे नाही. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच धावू नये, ते लवकर भिनते. खिशात ग्लुकोज हवाच. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे.

एवढे सांभाळले तर मैदान बंद होत नाही. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाले. त्यानंतर इन्सुलिन घेत तो खेळत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतील ५०० बळींचा टप्पा गाठणारा पहिला गोलंदाज ठरला.

रोजात मात्र खिशातला ग्लुकोज तोंडात टाकता येत नाही. टाइप वन रुग्णासाठी रोजा जोखमीचा आहे तो इथेच. दुसरा धोका उलटा. "खाल्लेच नाही, मग इन्सुलिन कशाला?" असे म्हणून ते बंद केले, तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतते.

पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये, १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींत, आजारी माणसाला सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने गरजूला जेवू घालावे, यालाच फिदिया म्हणतात. ही पळवाट नव्हे, तो धर्माचाच भाग आहे.

डॉक्टरांच्या संमतीने कोणी रोजा ठेवलाच, तर सहेरी आणि इफ्तारचे डोस आधी त्यांच्याकडून ठरवून घ्यावेत. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुसंख्य उलेमा मानतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा लगेच सोडावा, मग इफ्तारला दहाच मिनिटे उरलेली का असेनात. इफ्तारच्या आधी धावू नये. इफ्तारनंतरही लगेच नको, कारण तेव्हा नुकतेच घेतलेले इन्सुलिन जोरात असते. तरावीहच्या लांब नमाजेतही शरीराची हालचाल होते, हे ध्यानात ठेवावे.

दुपारी कोणी मुलगा आडोशाला ग्लुकोज खाताना दिसला, तर त्याला हटकू नये. लाजेपोटी त्याने ती पुडी खिशातच ठेवली, तर त्याच्या जिवाला धोका आहे.