यंत्रानुवादाचे सांधे आणि वाराणसी

संगणकाने केलेल्या अनुवादाला यंत्रानुवाद म्हणतात. परंतु अनुवाद करणारे इंजिन कितीही सरस असले, तरी संकेतस्थळाशी, मोबाइल अ‍ॅपशी किंवा ध्वनिक्षेपकाशी त्याचा सांधा जुळल्याखेरीज ते वाचकाच्या वा श्रोत्याच्या उपयोगी पडत नाही. हा सांधा जुळवणाऱ्या, स्वतंत्रपणे बसवता-काढता येणाऱ्या छोट्या प्रणालीला प्लगइन म्हणतात, तर दोन प्रणालींमधील देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांना एपीआय असे नाव आहे.

भारतात अशा जोडणीच्या विचाराची मुळे जुनी आहेत. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूर येथे विनीत चैतन्य, राजीव संगल प्रभृतींनी पाणिनीय व्याकरणाच्या चौकटीवर ज्या कामाला आरंभ केला, त्यातून मराठीसह काही भारतीय भाषांतील मजकूर हिंदी वाचकाला सुगम करणारी ‘अनुसारक’ ही मुक्त प्रणाली घडली. पुढे हैदराबादच्या ट्रिपलआयटीच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून ‘संपर्क’ ही प्रणाली उभारली. तिच्यातील शब्दरूप-विश्लेषक, पदव्याख्या करणारा घटक आणि शब्दकोश हे सारे एकाच ठरावीक मांडणीत माहिती घेत व देत असल्याने, एक घटक काढून त्याजागी दुसऱ्या संस्थेने केलेला घटक बसवणे शक्य झाले. संगल हे २०१३ पासून २०१८ पर्यंत वाराणसीच्या आयआयटी (बीएचयू) या संस्थेचे संचालक होते.

या शहराने अशा जोडणीचा जाहीर प्रयोग १७ डिसेंबर २०२३ रोजी पाहिला. नमो घाटावर ‘काशी तमिळ संगमम’ या सांस्कृतिक मेळाव्याच्या उद्घाटनात पंतप्रधानांचे हिंदी भाषण ‘भाषिणी’ या शासकीय भाषामंचाच्या साहाय्याने तमिळ श्रोत्यांना त्याच वेळी तमिळमध्ये ऐकवण्यात आले. अशा अनुवादात वाणीचे मजकुरात रूपांतर, मजकुराचा अनुवाद आणि अनुवादाचे पुन्हा वाणीत रूपांतर अशा तीन यंत्रणा साखळीने जोडाव्या लागतात. भाषिणीच्या एपीआयमध्ये अ‍ॅप प्रथम हवी ती साखळी व भाषाजोडी कळवते, मंच त्यासाठी उपलब्ध असलेल्या सेवांचे संकेतांक परत देतो, आणि त्यानंतरच्या विनंतीत प्रत्यक्ष मजकूर किंवा ध्वनी पाठवला जातो.

जोडणीतील बारकावे आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या ‘इंडिकट्रान्स२’ या अनुवाद-प्रारूपात नीट दिसतात. वाक्य इंजिनात जाण्यापूर्वी त्यातील संकेतस्थळांचे पत्ते, ईमेल आणि आकडे यांच्या जागी खुणा ठेवल्या जातात व अनुवादानंतर मूळ मजकूर परत बसवला जातो, त्यामुळे दूरध्वनी क्रमांकाचा अनुवाद होण्याची आपत्ती टळते; शिवाय बहुतेक भारतीय भाषांचा मजकूर आधी देवनागरीत आणला जात असल्याने भाषांमधील सामायिक शब्दसंपदेचा लाभ इंजिनाला मिळतो.

मात्र हे प्रारूप इंग्रजीखेरीज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपुरतेच आहे, आणि वाराणसीची भोजपुरी त्या अनुसूचीत नाही, जरी २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सुमारे ५ कोटी लोकांनी नोंदवली. मेटा कंपनीच्या २०२२ मधील ‘एनएलएलबी’ प्रारूपात भोजपुरी आहे, पण त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो, म्हणून एखाद्या व्यापारी अ‍ॅपला ते सरळ जोडता येत नाही. आयआयटी (बीएचयू) येथील संशोधकांनी भोजपुरी, मगही व मैथिली यांचे मजकूरसंग्रह तयार केले आहेत. प्लगइन लिहिणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. त्यामागच्या इंजिनाला भोजपुरी यावी, यासाठी असे संग्रह वाढवणे आणि ते मुक्त परवान्याने सर्वांस देणे हेच काम अग्रक्रमाचे आहे.