स्मार्ट टीव्ही आला, पण शिकवणारे तयार झाले का?

शाळेत स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर आला की आपल्याला आनंद होतो. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होते, फोटो निघतात. पुढे काही महिन्यांनी तोच टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली झाकलेला दिसतो. दोष नेहमीच यंत्राचा नसतो. ते कोणत्या धड्याला, किती वेळ आणि कोणत्या भाषेत वापरायचे, हे शिक्षकांना कुणी शिकवलेले नसते. मुख्याध्यापकांनीही ते ठरवलेले नसते.

शिक्षकांसाठी सरकारी पातळीवर सोयी झालेल्या आहेत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हा डिजिटल मंच सुरू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ कार्यक्रम आला. प्राथमिक स्तरावरच्या सुमारे ४२ लाख शिक्षकांना आणि शाळाप्रमुखांना प्रशिक्षण देण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. कोरोनाच्या काळात हे प्रशिक्षण ऑनलाइन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनीही वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिक्षणासाठी द्यावेत असे म्हटले आहे.

मात्र तास भरले म्हणजे शिकणे झाले असे नाही. मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवायचा, शेवटची चाचणी सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, एवढ्यावर प्रशिक्षण संपले तर वर्गात काहीच बदलत नाही. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसेच हे आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडणारे शिक्षक म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पण त्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि गुरुजींनी ती शिकून घेतली, ही गोष्ट कमी सांगितली जाते. आधी मुलाची भाषा, मग कोड, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्या घरांत तर भाषांची दाटीच असते. कोकणात घरी कोकणी, मराठवाड्यात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि मोबाईलवर इंग्रजी. अशा मुलाला कुठला तरी तयार व्हिडिओ लावून दिला तर ते चित्रे पाहते, धडा तसाच राहतो. व्हिडिओ दोन मिनिटांनी थांबवून मुलांच्या बोलीत प्रश्न विचारणारा शिक्षक हवा. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या सराव पाठांत याच गोष्टीची तयारी व्हायला हवी. पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधन: व्हिडिओ’ असे नुसते लिहून भागणार नाही. तो कुठे थांबवणार आणि काय विचारणार, हेही लिहायला लावले पाहिजे.

उर्दू माध्यमाची एक वेगळी अडचण आहे. उर्दूचा बराच मजकूर वर्षानुवर्षे इनपेजमध्ये टाईप झाला. जुन्या इनपेजमधला मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे तो सरळ उचलून मोबाईलवर टाकला तर वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. मग शिक्षक प्रश्नपत्रिकेचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. मोबाईलवर युनिकोड उर्दू कीबोर्ड घेऊन टाईप करणे थोड्या सरावाने जमते. भावी शिक्षकांना आधी एवढे आले तरी एकाने तयार केलेला स्वाध्याय दहा शाळांना वापरता येईल.

हे सगळे घडवून आणणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. आज त्यांचा संगणक मुख्यतः यू-डायस आणि ‘सरल’ची माहिती भरण्यातच गुंततो. ती माहिती भरावीच लागते. पण आठवड्यातून एक तासिका शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांचा पाठ पाहावा, जमलेले आणि फसलेले दोन्ही बोलावे, एवढा वेळ वेळापत्रकात मुख्याध्यापकच काढू शकतात. स्वतः मागच्या बाकावर बसून वर्ग पाहणारे मुख्याध्यापक असतील, तर टीव्हीवरचे कापड आपोआप निघेल.

आणि आपण? जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. संस्थेच्या शाळेत विश्वस्त बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले, ओळखीचे असतात. तिथे जाऊन तीन प्रश्न विचारायला हरकत नाही: या महिन्यात यंत्र कोणत्या धड्यांना वापरले? शिक्षकांचे प्रशिक्षण कोणत्या भाषेत झाले? ज्या घरात एकच मोबाईल आहे, त्या मुलांसाठी काय सोय केली?

तिसरा प्रश्न घरालाही लागू आहे. लॉकडाउनमध्ये एका मोबाईलवर भाऊ-बहीण दोघांचा वर्ग असे, तेव्हा कुठल्या घरात मोबाईल भावाकडे गेला आणि बहीण स्वयंपाकघरात, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. शाळा कितीही चांगली झाली तरी हा हिशेब घरातच मिटवावा लागेल.

पहिल्या वह्यीतच वाचनाचा आणि लेखणीचा उल्लेख आहे, हे आपण प्रत्येक तालिमी जलशात ऐकतो. आजच्या लेखणीला पडदा आणि कळा आहेत. ती धरायला शिकवणारे उस्ताद तयार होत आहेत का, हे पाहणे इमारतीसाठी चंदा देण्याइतकेच जरुरीचे आहे.