विंचूदंश आणि पुराव्याची कसोटी

मूल नेकनूरचें असो वा महाडचें, विंचवावर उतारा कोणता, याचा निवाडा पुराव्यानेंच व्हावा. तांबड्या विंचवाच्या विषानें रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध देऊन पुष्कळ मृत्यू टाळले. तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं प्रतिविषही पारखलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत सहा महिन्यांवरील बालकांनाही घेण्याची मुभा होती. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ रोग्यांपैकीं ८, तर जोडीस प्रतिविष दिलेल्या ३५ पैकीं ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. म्हणून विंचू चावलेलें मूल तत्काळ रुग्णालयांत न्यावें. घाम, वांति, थंड हातपाय दिसल्यास तर क्षणही दवडूं नये.