भांगेचा हिशेब कोण ठेवतो?

नाशिकहून दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याला जायचे म्हणजे साधारण ८० किलोमीटरचा रस्ता. वाटेत द्राक्षबागा लागतात, वाइनच्या पाट्या दिसतात. गाडीत वाइनची बाटली असेल तर गुजरातची हद्द लागण्याआधी ती काढून ठेवा, अशी आठवण सहलीत कुणीतरी करून देतोच. उलट बाजूची गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. हद्दीपलीकडे भांग दारूबंदी कायद्याच्या यादीत नाही. अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, ती आहे.

गंमत अशी, की दोन्हीकडचा कायदा मुळात एकच. तो म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली आणि कायदा दोघांकडेही राहिला. महाराष्ट्राने दारूसाठी परवान्याची वाट ठेवली. कागदोपत्री आजही आपल्याकडे दारू पिणाऱ्याला परवाना लागतो. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली आणि २०१७ मध्ये भांग यादीतून वगळली. भांग शंकराचा प्रसाद म्हणून घेतली जाते, असे कारण तेव्हा दिले गेले. वनस्पती एकच, ती पिणाऱ्याच्या मेंदूत घडणारी प्रक्रियाही एकच. बदलतो तो फक्त शिक्का.

हा विषय आज काढण्याचे कारण सिंहस्थ. २०२७ मध्ये त्र्यंबकेश्वरला शैव आखाडे आणि नाशिकला वैष्णव आखाडे स्नानाला येतील. राहुट्यांमध्ये चिलमी पेटतील, भोवती तरुणांचे कोंडाळे जमेल, आणि घरोघरी एक प्रश्न विचारला जाईल : ‘साधूंना चालते, तर आम्हाला का नाही?’ या प्रश्नाला ‘वाईट असते म्हणून’ एवढे उत्तर आजच्या मुलांना पुरत नाही. परदेशात काय चालले आहे, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असते. म्हणून तिथे नेमके काय चालले आहे, हे आपणही नीट समजून घेतलेले बरे.

पाने, फुले आणि राळ

आधी शब्द स्पष्ट करू. भांग, गांजा आणि चरस हे एकाच झाडापासून मिळतात. पाने वाटून होते ती भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि झाडाची चिकट राळ म्हणजे चरस. नशा आणणारे मुख्य रसायन टीएचसी. ते पानांत कमी, फुलोऱ्यात जास्त आणि राळेत त्याहून जास्त असते. इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत आपल्या मेंदूत तयार होणारे, टीएचसीसारखेच काम करणारे एक द्रव्य सापडले. त्याचे नाव ठेवले ‘आनंदामाइड’, आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून. भूक, वेदना, स्मरण, झोप, भीती या सगळ्यांच्या नियमनात या यंत्रणेचा हात असतो. टीएचसी बाहेरून येऊन याच यंत्रणेत ढवळाढवळ करते.

स्वित्झर्लंडचे छोटे प्रयोग

स्वित्झर्लंडमध्ये गांजा आजही बंदी असलेला पदार्थ आहे. मात्र १५ मे २०२१ पासून तिथल्या कायद्यात एक खिडकी उघडली. शहरांना आणि गावांना ठरावीक मुदतीचे शास्त्रीय प्रयोग करता येतात. त्यासाठी स्थानिक प्रशासनाचे म्हणणे आधी ऐकावे लागते. प्रयोगात भाग घेणारा प्रौढ हवा, त्याच भागातला रहिवासी हवा आणि मुख्य म्हणजे आधीपासून सेवन करणारा हवा. नव्या माणसाला प्रवेश नाही. गरोदर आणि स्तनदा मातांनाही नाही. टीएचसी २० टक्क्यांपेक्षा जास्त असलेला माल विकता येत नाही. महिनाभरात किती घ्यायचे, यालाही मर्यादा असते. जाहिरात करता येत नाही.

बासेलमध्ये जानेवारी २०२३ पासून औषधांच्या दुकानांतून विक्री सुरू झाली. झुरिकमध्ये त्याच वर्षी औषध दुकानांच्या जोडीला सभासदांचे क्लबही आले. जिनिव्हाजवळच्या व्हेर्निए या गावात एक ना नफा संस्था विक्री केंद्र चालवते, तर बासेल परिसरातील आल्श्विल आणि लीस्टालसारख्या लहान ठिकाणी खास दुकाने उघडली. क्लब म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मद्यालय येते. ही कल्पना त्यापेक्षा आपल्या पतसंस्थेच्या जवळची आहे. सभासदांची नोंद, प्रत्येकाचा हिशेब, नफा वाटायचा नाही आणि मालाची तपासणी झालेली.

जर्मनीने जुलै २०२४ पासून असे क्लब देशभर मान्य केले. एका क्लबात जास्तीत जास्त ५०० सभासद, प्रौढाला महिन्याला ५० ग्रॅमपर्यंत. १८ ते २१ वयोगटाला मात्र ३० ग्रॅम आणि त्यातही टीएचसी १० टक्क्यांच्या आत. उरुग्वेने हा मार्ग २०१३ मध्येच धरला होता. तिथे एका क्लबात १५ ते ४५ सभासद असतात.

निष्कर्ष काय? बासेलच्या प्रयोगात पावणेचारशेच्या आसपास माणसे होती. काहींना लगेच अधिकृत माल मिळाला, बाकीचे सहा महिने नेहमीच्या चोरट्या बाजारावरच राहिले. अधिकृत माल मिळाला म्हणून सेवन वाढले, असे दिसले नाही. गैरवापरातली घट किंचितच होती, आणि ती ठळकपणे दिसली ती इतर अमली पदार्थही घेणाऱ्यांमध्ये. म्हणजे चमत्कार नाही आणि अनर्थही नाही. मात्र हे सगळे आधीपासून घेणाऱ्या प्रौढांबद्दल आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलाने सुरुवात करावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

आपल्याकडचा जुना हिशेब

मोजून मग ठरवायचे, ही रीत आपल्याला परकी नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग, गांजा, चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत डॉक्टर, अधिकारी, शेतकरी, व्यापारी असे सगळे होते. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदीही तपासल्या. मर्यादित सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिसेवनाने होते. सरसकट बंदी नको, कर आणि परवान्यांनी नियंत्रण ठेवा, असा निष्कर्ष त्याने १८९४ च्या अहवालात काढला. त्यामागे सरकारी महसुलाचाही विचार होता, हे विसरता येत नाही. आणि आजच्या तीव्र वाणांची तेव्हा कल्पनाही नव्हती. पण मोजदाद झाली होती.

अलीकडची मोजदाद २०१९ ची आहे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतली होती. त्यात भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, तर गांजा-चरस घेणारे १ कोटी ३० लाख. यामुळे निर्माण झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख.

या ७२ लाखांतले काही आपल्या नाशिकचेही असणार. त्यांची नोंद कोणत्या क्लबात नाही, आणि बहुतेकांची कोणत्या डॉक्टरच्या वहीतही नाही. खरा प्रश्न इथे आहे.

शरीरावर काय होते

पहिली गोष्ट वयाची. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. कधीतरी सेवन केलेल्यांपैकी साधारण अकरात एकाला पुढे व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात केली तर सहात एकाला.

दुसरी गोष्ट तीव्रतेची. युरोपातील आणि ब्राझीलमधील अकरा ठिकाणांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएचसीचे प्रमाण जास्त असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये वास्तवाचे भान सुटण्याच्या आजाराची, म्हणजे सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. घरात कुणाला असा मानसिक आजार असेल, तर ‘एकदा घेऊन बघू’ हा खेळच नको.

तिसरी गोष्ट पिण्याची. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. थंडाईतली भांग पोटातून जाते, त्यामुळे परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. होळीला घोटाळा होतो तो इथेच. पहिल्या पेल्याने काही झाले नाही म्हणून माणूस दुसरा घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडणे, प्रचंड भीती, भ्रम, ओकाऱ्या सुरू होतात. अशा वेळी त्या माणसाला एकटे सोडू नये, गाडी चालवू देऊ नये, दारू देऊ नये. लहान मुलाने चुकून भांग खाल्ली, कुणी शुद्ध हरपत चालला, छातीत दुखू लागले किंवा झटका आला, तर घरगुती उतारा शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे. काय आणि साधारण किती घेतले, हे डॉक्टरांना खरे सांगावे. योग्य उपचार त्यावरच ठरतात.

कायदा आणि दवाखान्याची वाट

आता साधूंच्या प्रश्नाकडे येऊ. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस बंद आहेत. त्यात साधूंसाठी किंवा मेळ्यासाठी कोणतीही धार्मिक सूट नाही. पोलीस प्रत्येक राहुटीत शिरत नाहीत म्हणून ती सूट ठरत नाही. फुलोरा सोबत नसलेली पाने आणि बिया या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात; म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांकडे जातो. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात तिची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती बनवणे, बाळगणे, पिणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सापुताऱ्याहून आणलेली भांगेची गोळी बोरगावच्या बाजूला आली की तिचा अर्थ बदलतो तो त्यामुळे.

गांज्याच्या बाबतीत १ किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते. त्यासाठीही १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या सेवनालाही ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. पण याच कायद्यात एक कलम असे आहे, जे घरोघरी माहीत असायला हवे. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार मात्र अर्धवट सोडता येत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही व्यसनामुळे आलेल्या मानसिक विकारांचा समावेश आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तरीही अनेक घरांत वडील मुलाला घेऊन दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ‘डॉक्टरांनी पोलिसांना सांगितले तर?’, ‘पुढे लग्नात अडचण आली तर?’ मग देवाला नवस, मग मामाच्या गावी रवानगी, मग खोलीला बाहेरून कडी. यात वर्षे जातात, आणि लवकर आटोक्यात येऊ शकणारा आजार मुरतो.

मुलगा रात्रभर जागा राहतो, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतेय असे म्हणतो, अभ्यास किंवा काम एकाएकी सोडतो, पैशांचा हिशेब देत नाही, अशी लक्षणे एकत्र दिसू लागली तर ओरडण्याआधी विचारा. ‘काय घेतोस?’ बरोबर ‘किती दिवसांपासून?’ हेही विचारा. उत्तर ऐकून घ्या. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी आणि १४४४६ वर व्यसनमुक्तीविषयी फोनवरून मोफत सल्ला मिळतो. पहिला फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.

स्वित्झर्लंडचे क्लब आपण आणावेत की नाही, हा विधिमंडळांचा प्रश्न आहे, आणि त्यावर दोन मते असू शकतात. पण त्या प्रयोगांतली एक गोष्ट कायदा न बदलताही घेण्यासारखी आहे. तिथे सेवन करणारा माणूस कुणाच्या तरी नजरेत असतो. तो किती घेतो, त्याला त्रास होतो का, हे कुणीतरी नियमित विचारते आणि त्याला उत्तर द्यायची भीती वाटत नाही. आपल्याकडे ते विचारणारे माणूस घरातलेच असू शकते, आणि दुसरे दवाखान्यातले.