सुरतेतले पाच ‘द’

मुंबईहून रेल्वेनं येताना भेस्तान, उधना आणि मग सुरत. याच सुरतेत 22 जून 1844 रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या पाच म्होरक्यांत एक मुंबईकर मराठी माणूस होता: ‘मराठीचे पाणिनी’ दादोबा पांडुरंग तर्खडकर. ते तेव्हा इथल्या इंग्रजी शाळेत शिकवत. बाकीचे दुर्गाराम मेहताजी, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास. सगळेच ‘द’वाले!

देव एक, माणसाचा धर्म एक, जातीपेक्षा गुण मोठा. सभेचं सूत्र सरळ, पण खरी धमाल दुर्गारामांची. भुतं उतरवणाऱ्या मांत्रिकांना त्यांनी जाहीर आव्हानच दिलं: मंत्राचा प्रताप चारचौघांत दाखवा! विधवाविवाहाचाही ते उघड पुरस्कार करीत.

धर्मातून सुधारणेचं वारं इतरत्रही होतं. तिकडे अमेरिकेत 1830 च्या सुमारास ख्रिस्ती धर्मोपदेशक चार्ल्स फिनीच्या प्रवचनांनी गावंच्या गावं ढवळून निघत होती. दारूबंदी आणि गुलामगिरीविरोधाच्या चळवळींना त्या धर्मजागृतीनं बळ दिलं. तिथले मिशनरी तर 1813 पासूनच मुंबईत होते. सुरतेची सभा मात्र ना चर्चची, ना सरकारची.

दादोबा मुंबईला परतले नि सभा थंडावली. मग मुंबईत परमहंस सभा निघाली. तिथे सभासद होताना जातीचं बंधन मोडल्याची खूण म्हणून पावाचा तुकडा खावा लागे, तोही गुपचूप. 1860 मध्ये सभासदांच्या नावांची यादी फुटली आणि मंडळींची पांगापांग झाली.