कचेरीचे जाळे मंद का होते?

कचेरीत काम तुंबले की दोष प्रथम कोणावर येतो, हे सांगावयास नको. तो खुर्चीत बसलेल्या माणसावर येतो. खिडकीपुढे रांग लागलेली असते, पडद्यावर एक वर्तुळ फिरत असते, आणि रांगेतल्या माणसाला दिसतो तो हात बांधून बसलेला कारकून. ते वर्तुळ का फिरते हे कारकुनाला ठाऊक नसते. त्याच्या साहेबालाही बहुधा नसते. म्हणून या विषयाची थोडी ओळख प्रत्येक नागरिकाला असावी असे आम्हांला वाटते. विषय यंत्राचा आहे खरा, पण तो समजावयास पदवी लागत नाही. आमच्याजवळही ती नाही.

कचेरीतल्या प्रत्येक संगणकापासून एक केबल निघते आणि भिंतीतून किंवा छतावरून एका चपट्या पेटीपाशी जाते. या पेटीला स्विच म्हणतात. हा दिव्याचा स्विच नव्हे. टपालखात्यातला सॉर्टर जे काम करतो तेच हा करतो: आलेल्या पाकिटावरचा पत्ता पाहावयाचा आणि ते ज्याचे असेल त्याच्या केबलीवर सोडावयाचे. केबल ज्या खाचेत बसते तिला पोर्ट म्हणतात. एका मजल्याचा स्विच दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरपर्यंत पुष्कळदा एकाच केबलीने जोडलेला असतो. त्या एका जोडात दोष आला की सगळा मजला रेंगाळू लागतो.

केबलीच्या दोन टोकांनी एकमेकांशी बोलावे कसे, याला इतिहास आहे. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. सर्वांना बोलण्यासाठी वाट एकच असल्यामुळे दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे वाया जाई. मग प्रत्येकाने थोडा थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावयाचे. ही कल्पना पुढे नेऊन १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ईथरनेटची उभारणी सुरू केली. त्याचा नियम चांगल्या सभेसारखा होता: दुसरा बोलत असेल तर थांबा; दोघांनी एकदम तोंड उघडले तर दोघांनीही गप्प व्हा, आणि कमीजास्त वेळ थांबून पुन्हा आरंभ करा. अशा एकदम बोलण्याला टक्कर म्हणतात, आणि एका वेळी एकानेच बोलण्याच्या या पद्धतीला हाफ डुप्लेक्स. अरुंद पुलावरून एका वेळी एकाच बाजूची गाडी सोडतात, तसाच हा प्रकार.

पुढे जाण्याच्या आणि येण्याच्या तारांच्या जोड्या वेगळ्या झाल्या, मध्ये स्विच आला, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे शक्य झाले. याला फुल डुप्लेक्स म्हणतात. हा दुहेरी रस्ता झाला. येथे टक्कर होण्याचे कारणच उरत नाही. त्याचे प्रमाण १९९७ साली ठरले.

परंतु जुनी यंत्रे आणि नवी यंत्रे एकाच कचेरीत नांदणार. तेव्हा कोणत्या जोडावर कोणती पद्धत आणि कोणता वेग चालवावयाचा हे कोणी ठरवावे? १९९५ साली सेकंदास १०० मेगाबिट वेगाचे ईथरनेट आले तेव्हा त्याबरोबर याचीही सोय करण्यात आली. केबल जोडताच दोन्ही टोके आपापल्याला काय काय जमते ते एकमेकांना सांगतात, आणि दोघांनाही जमेल त्यातले उत्तम ते ठरते. ही वाटाघाटच होय, आणि वाटाघाट हा तर आमच्या रोजच्या कामातला शब्द!

आता मुख्य गोष्ट. समजा, एका टोकाला कोणी हाताने ठरवून ठेवले, ‘वेग शंभर, पद्धत फुल डुप्लेक्स’, आणि दुसरे टोक वाटाघाटीवर सोडले. पुष्कळ यंत्रांत हाताने ठरवलेले टोक वाटाघाट करावयाचेच थांबते. दुसरे टोक वाट पाहते. समोरून प्रस्ताव येत नाही. तारेवरच्या विजेच्या खुणांवरून वेग शंभरचा आहे एवढे त्याला ओळखता येते, पण पूल अरुंद आहे की रस्ता दुहेरी, हे ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ डुप्लेक्स धरून चालावे असा नियमच आहे. एक पक्ष बैठकीला आला नाही आणि आपला निर्णय त्याने मनातच ठेवला, तर दुसऱ्याने सावध भूमिका घ्यावी यात चूक काय? आता एक टोक दुहेरी रस्त्याच्या भरवशावर सुसाट गाड्या सोडते, आणि दुसरे अरुंद पुलाचा नियम पाळत थांबत थांबत चालते. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर, आणि जोड मात्र बिघडलेला.

हा बिघाड लबाड आहे, कारण जोड तुटत नाही. पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो. ‘पिंग’ नावाची लहानशी हाक मारून पाहिली तर उत्तर लगेच येते, कारण एक लहान पाकीट जाते, एक परत येते, आणि समोरासमोर येण्याचा प्रसंग क्वचितच पडतो. मोठी फाइल पाठवू लागले की खरे रूप दिसते. इकडून मजकुराची पाकिटे जातात, तिकडून पोच येत राहते. हाफवाले टोक समोरून गाडी आलेली पाहून टक्कर झाली असे समजते व आपले पाकीट अर्धवट सोडते. फुलवाल्या टोकाला ते तुटके पाकीट मिळते व ते टाकून देते. पोच न आल्यामुळे पाठविणारा संगणक थांबतो, तेच पुन्हा पाठवितो, आणि पुन्हा पोच आली नाही तर पहिल्याहून दुप्पट थांबतो. शंभराच्या वेगाने ६० मेगाबाइटची फाइल पाच-सहा सेकंदांत जावी. तिला अशा जोडावर कित्येक मिनिटे लागतात. पुष्कळदा फाइल एका दिशेने बरी जाते आणि दुसऱ्या दिशेने रखडते, हीही याची एक खूण आहे.

निदान करण्याची रीत साधी आहे. प्रथम पाहावे की मंदपणा एका टेबलाचा आहे की सगळ्या मजल्याचा; त्यावरून कोणता जोड तपासावयाचा ते कळते. मग त्या जोडाच्या दोन्ही टोकांवर वेग व पद्धत काय लिहिली आहे ते वाचावे. एकच टोक वाचून समाधान मानू नये. एका पक्षाची बाजू ऐकून निवाडा करण्यासारखे ते होईल. व्यवस्थापनाची सोय असलेला स्विच प्रत्येक पोर्टवरच्या चुकांची मोजणी ठेवतो. ती मोजणी शून्यावर आणावी, एक मोठी फाइल पाठवावी आणि पुन्हा वाचावी. जुन्या आकड्यांवर विसंबू नये, कारण ते महिन्यांचे साचलेले असतात. हाफवाल्या टोकावर ‘उशिराच्या टकरी’, म्हणजे पाकिटाचे पहिले ६४ बाइट गेल्यानंतरच्या टकरी, वाढलेल्या दिसल्या आणि फुलवाल्या टोकावर तपासणीत नापास झालेली पाकिटे वाढली, तर रोग नक्की झाला. नुसती नापास पाकिटेच वाढत असतील आणि दोन्ही टोकांचे लेखन जुळत असेल, तर केबल बदलून पाहावी. उपाय एका ओळीचा आहे: दोन्ही टोके वाटाघाटीवर सोडावी, किंवा दोन्ही हाताने सारखीच ठरवावी. एक असे आणि एक तसे, कधीही ठेवू नये.

मग लोक असे ठेवतात तरी का? आरंभीच्या वर्षांत निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे वाटाघाटीत अडखळत, म्हणून हाताने ठरविण्याची सवय पडली. पुढे यंत्र बदलले, सवय राहिली. कधी एका टोकाचे जुने यंत्र काढून नवे बसविले जाते आणि दुसऱ्या टोकावरची जुनी आज्ञा तशीच राहते. १९९९ साली तांब्याच्या तारेवर सेकंदास १,००० मेगाबिटचे प्रमाण आले, त्यात वाटाघाट सक्तीची आहे. त्यामुळे नव्या जोडांत हा रोग दुर्मीळ झाला आहे. पण जुने प्रिंटर, जुने राउटर, बाहेरून इंटरनेट पुरविणाऱ्याची पेटी, येथे तो अजून भेटतो.

स्विचची आणखी एक आज्ञा सकाळी त्रास देते. स्विच एकमेकांना गोल जोडले गेले तर पाकिटे अखंड फिरत राहतील, म्हणून राडिया पर्लमन यांनी १९८५ साली एक युक्ती काढली: पोर्टने वाट निर्वेध आहे याची खात्री करूनच ती खुली करावी. तिच्या मूळ पद्धतीत पंधरा सेकंदांचे दोन टप्पे असतात. टेबलावरच्या संगणकाच्या पोर्टला ही सावधगिरी अनावश्यक असते आणि एका आज्ञेने ती वगळता येते. ती वगळली नाही, तर वेळेवर आलेल्या माणसाची हजेरी अर्धा मिनिट उशिरा पडू शकते.

एका कचेरीत वरच्या मजल्यावरच्या कारकुनांना कमी नोंदी केल्याबद्दल मेमो मिळाले होते. खालच्या मजल्यावर काम तेच होते, आणि आकडे जवळजवळ दुप्पट होते. आम्ही युनियनतर्फे खुलाशाआधी एवढेच मागितले की मजल्यांमधल्या जोडाच्या दोन्ही टोकांचे लेखन आणि चुकांची मोजणी आमच्यासमोर वाचावी. एक टोक ठरविलेले निघाले, दुसरे वाटाघाटीवर. आज्ञा दुरुस्त झाली, पुढच्या आठवड्यात आकडे जुळले आणि मेमो मागे घेतले गेले. त्या मंडळींनी कामाचा वेग तिळभरही वाढविला नव्हता.

माणसाच्या कामाचे माप आता यंत्र घेते. ज्या तराजूने माप घ्यावयाचे तो तराजू आधी तपासावा, हा बाजारातला साधा न्याय आहे. कचेरीतही तोच असावा. म्हणून प्रत्येक कचेरीत एक नोंदवही असावी. कोणता पोर्ट कोठे जातो, दोन्ही टोकांवर काय ठरविले आहे, ते कोणी आणि कोणत्या तारखेला ठरविले, एवढे तीत लिहावे. आणि मंद कामाबद्दल कोणाला जाब विचारण्यापूर्वी ती वही उघडावी. वहीला लागतात दहा रुपये आणि मोजणी वाचावयास दहा मिनिटे. मेमो मिळालेल्या माणसाची झोप याहून महाग आहे.