बर्फावरच्या ओळखी

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मोंटाना राज्यात ऐन हिवाळ्यात गेलात, तर वाटेल की रान ओस पडले आहे. पुष्कळसे पक्षी दक्षिणेकडे गेलेले, अस्वले बिळांत झोपलेली. येथील रॉजर्स खिंडीत २० जानेवारी १९५४ रोजी तापमान उणे ५७ अंश सेल्सिअस नोंदले गेले. ‘पारा उतरला’ असे म्हणायचीही सोय नाही, कारण पारा उणे ३९ अंशांलाच गोठतो!

पण दोन मिनिटे स्वस्थ उभे राहा. ‘चिक-अ-डी-डी-डी’ असा आवाज येईल. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल. ही चिकडी, आपल्याकडील वल्गुलीच्या कुळातली. वजन फार तर १४ ग्रॅम. वस्तू जितकी लहान, तितका आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग अधिक आणि म्हणून ती लवकर निवते, हे तुम्ही जाणताच. मग एवढासा जीव रात्र काढतो कसा? दिवसभर खाऊन चिकडी चरबी साठवते आणि रात्री ती जाळून, कुडकुडत, ऊब निर्माण करते. शिवाय शरीराचे तापमान ४२ अंशांवरून दहा-बारा अंशांनी उतरू देते. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवतात ना, तसेच हे. उजाडेपर्यंत चरबी संपत आलेली असते; न्याहारी लवकर मिळाली नाही तर खेळ खलास. म्हणून झाडाच्या सालीच्या फटींत तिने एकेक बी आधीच लपवलेले असते, आणि त्या जागा तिला कित्येक दिवस आठवतात.

तिच्या हाकेतले शेवटचे ‘डी’ मात्र मोजा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, मोठ्या शिंगळ्या घुबडापेक्षा आपल्या पिंगळ्याहूनही लहान असलेले चपळ घुबड दिसले तर चिकडी जास्त वेळा ‘डी’ म्हणते. तिला खरे भय त्याचेच. तुम्हाला घुबड न दिसताही त्याची वर्दी मिळाली की नाही?

आता खाली पाहा. बर्फात पुढे दोन मोठे ठसे, मागे दोन लहान. प्राणी कोणत्या दिशेने गेला? मोठ्या ठशांच्या दिशेने! उडी मारताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. हा स्नोशू ससा. मागचे पंजे एवढे पसरट, की भुसभुशीत बर्फातही रुतत नाहीत. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा. मात्र रंग बदलण्याची वेळ थंडी ठरवत नाही, दिवसाची लांबी ठरवते. दिवस ठरल्याप्रमाणे लहान होतात, पण हवामान तापत चालल्याने बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो. मोंटानातील सशांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रंग आणि जमीन यांचा मेळ पुरता चुकला, तर सशाची त्या आठवड्यात जगण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. तपकिरी पाचोळ्यावर निश्चल बसलेला पांढराशुभ्र ससा तुम्हाला दुरूनही दिसेल. आपण दिसत नाही, अशीच त्याची समजूत दिसते. लिंक्स हे रानमांजर मात्र त्याला तुमच्याआधीच हेरते.